व्हिसाची तारीख उलटली, म्हणजे नोकरी गेली का?

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बंगळुरू, कुठूनही फोन आला तरी प्रश्न एकच असतो: "मुलगा लंडनला आहे. व्हिसा वाढवायचा अर्ज केलाय, अजून उत्तर नाही आणि जुन्या व्हिसाची तारीख संपली. कंपनी म्हणते, उद्यापासून येऊ नकोस. आता काय?" ब्रिटनमधल्या एका कंपनीच्या एचआर खात्यात मी बरीच वर्षं काढली. टेबलाच्या त्या बाजूला काय चालतं, ते मी पाहिलं आहे. म्हणून आज फक्त ब्रिटनबद्दल बोलतो. अमेरिका, कॅनडाचे नियम वेगळे आहेत, ते यात मिसळू नका.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. काम करण्याचा हक्क वेगळा आणि त्या हक्काचा पुरावा वेगळा. बहुतेक वेळा हक्क शाबूत असतो. अडचण येते ती पुराव्याची.

हक्क कुठून येतो? १९७१ च्या ब्रिटिश इमिग्रेशन कायद्यात कलम ३-सी आहे. तुम्ही ब्रिटनमध्ये असताना, जुना व्हिसा संपण्याआधी नवा अर्ज केला असेल, तर निर्णय लागेपर्यंत जुनी परवानगी आपोआप चालू राहते. त्यासाठी वेगळा अर्ज नाही, वेगळी फी नाही. पण अटीसुद्धा जुन्याच राहतात. विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला २० तासांची मर्यादा होती, तर ती तशीच राहते. स्किल्ड वर्कर जुन्या कंपनीत काम चालू ठेवू शकतो. मात्र अर्ज नव्या कंपनीसाठी असेल, तर मंजुरी येईपर्यंत नव्या ठिकाणी रुजू होता येत नाही.

आणि तारीख म्हणजे तारीख. एक दिवस उशीर झाला, तर हे कलम लागू होत नाही. काही परिस्थितीत उशिरा केलेला अर्ज विचारात घेतला जातो, पण तेवढ्याने काम करण्याचा हक्क मिळत नाही.

आता पुरावा. एरवी आपण होम ऑफिसच्या संकेतस्थळावरून शेअर कोड काढतो, कंपनी तो तपासते आणि विषय संपतो. पण अर्ज प्रलंबित असताना तिथे जुनीच तारीख दिसू शकते. पडद्यावर संपलेली तारीख बघून एचआरवाला घाबरतो, आणि त्याच्या घाबरण्याला कारण आहे. १३ फेब्रुवारी २०२४ पासून, हक्क नसलेल्या माणसाला कामावर ठेवलं तर पहिल्या वेळी माणशी ४५ हजार पौंडांपर्यंत दंड होतो, पुन्हा सापडल्यास ६० हजारांपर्यंत. त्यामुळे "कशाला जोखीम घ्या" म्हणून माणसाला घरी बसवलं जातं. हक्क असूनही पगार थांबतो.

हा प्रश्न कोर्टातही गेला होता. जून २०२४ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने म्हटलं की, ३-सीखाली असलेल्या लोकांना डिजिटल पुरावा न देणं बेकायदेशीर आहे. म्हणजे हा त्रास खराच होता, लोकांच्या मनाचे खेळ नव्हते.

यावर व्यवहारातला उपाय आहे, पण तो कंपनीच्या हातात आहे. होम ऑफिसची 'एम्प्लॉयर चेकिंग सर्व्हिस' नावाची मोफत सेवा आहे. कर्मचारी ती स्वतः वापरू शकत नाही, कंपनीनेच विचारणा करायची असते. साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत उत्तर येतं. हक्क असेल, तर 'पॉझिटिव्ह व्हेरिफिकेशन नोटीस' मिळते. ती हातात असली की कंपनीला सहा महिने दंडापासून संरक्षण असतं. तोवर निर्णय आला नाही, तर मुदत संपण्याआधी पुन्हा विचारायचं. शिवाय, मुदतीत अर्ज केल्याची कंपनीची वाजवी खात्री पटली असेल, तर जुनी तारीख संपल्यावर २८ दिवसांपर्यंत तिचं संरक्षण टिकतं. ते दिवस ही विचारणा करण्यासाठीच असतात.

म्हणून मुलामुलींना हे सांगा. अर्ज केल्याची पोच, त्यावरची तारीख आणि अर्जाचा क्रमांक, फी भरल्याची पावती, जुना व्हिसा कधी संपला त्याचा पुरावा, हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. तारीख संपायच्या काही आठवडे आधी एचआरला ईमेल करा. साध्या शब्दांत लिहा: अमुक तारखेला मुदतीत अर्ज केला आहे, कलम ३-सी लागू आहे, कृपया चेकिंग सर्व्हिसकडे विचारणा करा. तोंडी सांगू नका, लेखी द्या. तरीही कंपनी ऐकत नसेल, तर 'एकास' या सरकारी मदतीने चालणाऱ्या संस्थेची मोफत हेल्पलाइन आहे. राजीनाम्यावर सही करण्याआधी तिथे किंवा इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

शेवटचा मुद्दा इथे भारतात बसलेल्या आपल्यासाठी. अर्ज प्रलंबित असताना माणूस ब्रिटन, आयर्लंड, आइल ऑफ मॅन आणि चॅनल बेटं यांच्या बाहेर गेला, तर तो अर्ज मागे घेतला असं धरतात. मग फीही गेली आणि परतीची वाटही अवघड झाली. तेव्हा "बहिणीचं लग्न आहे, चार दिवस येऊन जा" असा आग्रह धरण्याआधी विचारा, "अर्जाचा निकाल लागला का?" काही अर्जांना जादा फी भरून लवकर निर्णय मिळवण्याची सोय आहे, पण ती अर्ज करतानाच निवडावी लागते. घरात कार्य ठरत असेल, तर मुहूर्त काढण्याआधी व्हिसाची तारीख विचारून घ्या.