चौविहार आणि रात्रीची कॅप्सूल

मध्यरात्री एकाएकी अंगातून गरम वाफ निघाल्यासारखे होते, घामाने कपडे ओले होतात आणि झोप उडते. सकाळी पुन्हा देवदर्शन, स्वयंपाक, दुकानाचा गल्ला. 'वय झाले, चालायचेच' असे म्हणून अनेक भगिनी हे सारे मुकाट्याने सोसतात. भारतीय स्त्रीची रजोनिवृत्ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. म्हणजे घर आणि व्यापार या दोहोंचा भार अंगावर असण्याच्याच काळात. त्रास असह्य झाला की त्या डॉक्टरांकडे जातात आणि हाती चिठ्ठी येते.

त्या चिठ्ठीवर पुष्कळदा दोन औषधे असतात. पहिले इस्ट्रोजेन. शरीरातील हे संप्रेरक घटल्यामुळेच अंगाचा भडका उडतो. ते गोळीने, अथवा त्वचेवर लावण्याच्या जेलने भरून काढले जाते. दुसरे प्रोजेस्टेरॉन. एकट्या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचे अस्तर जाड होत जाते आणि पुढे तेथे कर्करोगाचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी गर्भाशय असलेल्या स्त्रीला दुसरे औषध आवश्यक ठरते. शस्त्रक्रियेने गर्भाशय काढलेले असल्यास त्याची सहसा गरज नसते.

आपल्या घरांतील अडचण येथेच सुरू होते. प्रोजेस्टेरॉनच्या कॅप्सूलने गुंगी येते, म्हणून ती झोपताना घेण्यास सांगतात. ज्या श्राविकेचा चौविहार आहे, तिला सूर्यास्तानंतर पाणीही वर्ज्य. शिवाय अशा मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांपासून केलेले असते. मग ती कोणाला न विचारता सकाळचे औषध चालू ठेवते आणि रात्रीचे सोडून देते. घाम थांबतो, झोप लागते, सर्व ठीक वाटते. कारण भडका शमविण्याचे काम इस्ट्रोजेन करीतच असते. वरवर हिशेब जुळतो, परंतु खात्यातील एक मोठी नोंद राहून गेलेली असते. गर्भाशयाचे संरक्षण थांबलेले असते आणि शरीर त्याची सूचना लगेच देत नाही.

वस्तुतः नियम आणि औषध यांत निवड करण्याची वेळ बहुधा येत नाही. पहिल्याच भेटीत 'माझा चौविहार आहे, जिलेटिन चालत नाही' असे स्पष्ट सांगितले की डॉक्टर मार्ग काढू शकतात. डायड्रोजेस्टेरॉनसारखे औषध गोळीच्या स्वरूपात मिळते आणि त्याची वेळ दिवसा ठरविता येते. गर्भाशयात बसविण्याचे संप्रेरकयुक्त साधनही काही वर्षे अस्तराचे रक्षण करते. कोणासाठी काय योग्य, हे डॉक्टरांनीच ठरवावे.

औषधाचे मूळही विचारावे. १९४२ पासून अमेरिकेत वापरात असलेले 'प्रेमारिन' गाभण घोड्यांच्या मूत्रापासून तयार होते. पाकिटावर 'काँज्युगेटेड इस्ट्रोजेन' असे लिहिलेले दिसल्यास चौकशी करावी. याउलट इस्ट्राडायॉल हे सोयाबीनसारख्या वनस्पतिजन्य द्रव्यापासून, तसेच कोनफळाच्या जातीच्या रानकंदापासून मिळणाऱ्या द्रव्यापासूनही बनविता येते. कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्यांनी तेही विचारून घ्यावे.

पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवास, अठ्ठाई करावयाची असेल, तर आधीच डॉक्टरांना भेटावे. गोळीच्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होण्याची शक्यता थोडी वाढते. त्यात शरीरातील पाणी कमी होणे हितावह नाही. त्वचेवरील जेलमध्ये हा धोका कमी असतो. चुकलेली मात्रा दुप्पट घेऊन भरून काढू नये. पच्चक्खाणाच्या आगारांत समाधी टिकविण्यासाठी औषध घेण्याची मुभा सांगितलेली आहे; त्याविषयी गुरुमहाराजांना निःसंकोच विचारावे.

हे औषध सर्वांसाठी नाही, हेही तितकेच खरे. स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात, हृदयविकाराचा झटका किंवा यकृताचा आजार झाला असल्यास ते आधीच सांगावे. २००२ साली अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात दोन्ही औषधे घेणाऱ्या स्त्रियांत दर १०,००० मागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे ८ रुग्ण अधिक आढळले आणि जगभर भीती पसरली. त्या स्त्रियांचे सरासरी वय मात्र ६३ होते. पुढील विश्लेषणानंतर तज्ज्ञांचे मत असे झाले की, साठीच्या आत किंवा रजोनिवृत्तीपासून १० वर्षांच्या आत उपचार सुरू केल्यास, अन्य अडथळा नसलेल्या बहुतेक स्त्रियांत लाभ धोक्याहून अधिक असतो.

म्हणून जावेची वा नणंदेची चिठ्ठी दाखवून औषध आणू नये. थायरॉईडची गोळी, वैद्यांचा काढा, जे चालू असेल ते डॉक्टरांना सांगावे. रक्तदाब व स्तनांची तपासणी सांगितलेल्या वेळी करावी. पाळी थांबून १२ महिने झाल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला, तर विलंब न लावता डॉक्टर गाठावेत. एका पोटरीस सूज, छातीत कळ, धाप किंवा बोलताना अडखळणे जाणवल्यास त्याच क्षणी रुग्णालयात जावे.

घरातील पुरुषांनीही एक काम करावे. पेढीच्या वह्या ज्या काळजीने तपासल्या जातात, त्याच काळजीने एकदा विचारावे, "रात्रीचे औषध तू घेतेस ना? अडचण असेल तर आपण दोघे डॉक्टरांकडे जाऊ." या एका प्रश्नाने तिचा नियमही राहील आणि आरोग्यही.