पॅनिक अटॅक आणि दुसरा बाण

अभ्यासिकेत पुस्तक उघडून बसलेलं असताना अचानक छाती धडधडू लागते. घाम फुटतो, बोटांना मुंग्या येतात, श्वास पुरत नाही. आपण आता मरणार, असंच वाटतं. दवाखान्यात ईसीजी नॉर्मल येतो आणि घरचे म्हणतात, "काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नकोस." पण काहीतरी झालेलं असतंच. हा पॅनिक अटॅक असू शकतो.

समोर धोका नसताना मेंदू धोक्याची घंटा वाजवतो आणि शरीर पळायला सज्ज होतं. आपण भराभर श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. मुंग्या आणि चक्कर बऱ्याचदा त्यातूनच येतात. म्हणजे श्वास कमी पडत नसतो, जास्त होत असतो. ही लाट साधारण 10 मिनिटांत शिखर गाठते आणि मग ओसरू लागते.

संयुक्त निकायातल्या सल्लत्थ सुत्तात बुद्धांनी दोन बाणांचा दृष्टान्त दिला आहे. पहिला बाण शरीराच्या वेदनेचा, दुसरा त्या वेदनेवर मनाने केलेल्या आक्रोशाचा. धडधड हा पहिला बाण. 'मी मरतोय' हा दुसरा, आणि तोच धडधड वाढवतो. म्हणून अटॅकशी झटापट करू नका. 'छाती धडधडते आहे, मुंग्या येत आहेत' एवढीच मनात नोंद करा. नाकाने चार अंक मोजत हळू श्वास घ्या, सहा मोजत सोडा. लोक "मोठा श्वास घे" म्हणतात, ते नेमकं उलट पडू शकतं.

काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की भीती आणखी वाढते. त्यांनी आनापानाचा हट्ट धरू नये. तळपाय जमिनीवर दाबावेत, समोरच्या पाच वस्तूंची नावं घ्यावीत. शक्य असेल तर जागा सोडू नका. आज अभ्यासिका टाळली, की उद्या एसटी आणि परवा परीक्षाकेंद्रही नकोसं होतं.

"दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन ये, बरा होशील," हा सल्ला आपल्याकडे सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. अटॅक वारंवार येत असतील तर आधी डॉक्टरांशी बोला. शिबिराच्या अर्जात आजार आणि औषधं लपवू नका, मनाने गोळ्या बंद करू नका.

पहिल्याच वेळी छातीत दुखलं, तर पॅनिक समजून घरी बसू नका. हृदय आणि थायरॉईड तपासून घ्या. पुन्हा पुन्हा होत असेल तर समुपदेशन आणि औषधं या दोन्हींचा उपयोग होतो. 'भीमाचा वाघ' म्हणवून घेणाऱ्या कार्यकर्त्याला हे सांगायची लाज वाटते, हे ठाऊक आहे. त्याने निदान फोन तरी करावा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन 14416 मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.