लाख भाव, एक सेकंद

एका शेअरचे दिवसभरातले 1 लाख भाव क्रमानं दिलेले आहेत. पहिले 50 हजार भाव झाले, की तिथून पुढे प्रत्येक भावापाशी थांबून सांगायचं, की मागच्या 50 हजार भावांत सर्वांत चढा कोणता. उत्तर 1 सेकंदात यायला हवं. ट्रेडिंग कंपन्यांच्या कोडिंग मुलाखतीतले प्रश्न साधारण या जातीचे असतात. धाराशिवच्या तेरणा अभियांत्रिकीत किंवा तुळजापूरच्या तुळजाभवानी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेला असलेल्या मुलीनं हा प्रश्न वाचला, तर त्यात तिला न कळण्यासारखं काही नाही. कसोटी पुढेच आहे.

सरळ मार्ग म्हणजे दर वेळी मागचे 50 हजार भाव तपासायचे. त्यात जवळपास 250 कोटी तुलना होतात. साधा संगणक सेकंदाला 10 कोटींच्या आसपास साध्या क्रिया करतो असं धरलं, तर 25 सेकंद गेले. हा मार्ग आधी सांगावा जरूर, पण तो अपुरा का पडतो हेही त्याच दमात सांगावं. मुलाखत खऱ्या अर्थानं तिथून सुरू होते.

आता जरा थांबून विचार करा. नवा भाव 4,800 आला आणि त्याच्या आधीचा 4,750 यादीत आहे. हा 4,750 यापुढे कधीही सर्वांत चढा ठरणार नाही, कारण 4,800 त्याच्याहून मोठा आहे आणि यादीत त्याच्यापेक्षा जास्त काळ टिकणारही आहे. मग 4,750 जपून ठेवायचा कशाला? शेवटाकडून असे लहान भाव काढत जायचं, नवा भाव शेवटी ठेवायचा, आणि 50 हजारांच्या हद्दीबाहेर गेलेला भाव पुढच्या टोकानं काढायचा. सर्वांत पुढे जो उरतो तेच उत्तर. प्रत्येक भाव यादीत एकदाच शिरतो आणि फार तर एकदाच बाहेर पडतो, म्हणून घालणं आणि काढणं मिळून 2 लाखांच्या वर क्रिया जात नाहीत. कुठे 250 कोटी आणि कुठे 2 लाख! दोन्ही टोकांनी उघडी असलेली ही यादी पुस्तकात 'डेक' या नावानं भेटते. ती पाठ असण्याला फारशी किंमत नाही. 4,750 का टाकून द्यायचा हे स्वतःच्या शब्दांत सांगता येणं, यालाच किंमत आहे.

ट्रेडिंग कंपन्या हेच का विचारतात, याचं उत्तर त्यांच्या कामात आहे. बाजार नियामक सेबीनं एप्रिल 2008 मध्ये ब्रोकरच्या यंत्रणेतून मोठ्या संस्थांना थेट बाजारात ऑर्डर टाकायची परवानगी दिली आणि भारतात संगणकी व्यवहारांना वेग आला. गुरुग्राममधल्या टॉवर रिसर्च, ग्रॅव्हिटॉन, क्वाडआय यांसारख्या कंपन्यांत प्रोग्रॅम सेकंदाच्या लाखाव्या हिश्श्याचाही हिशेब ठेवतात. शेअर बाजारात ज्याचा भाव चांगला त्याची ऑर्डर आधी, आणि भाव सारखा असेल तर जो आधी आला तो आधी, असा नियम आहे. म्हणून 'ऑर्डर बुक लिहून दाखवा' हा प्रश्नही मुलाखतीत येतो. भावांची क्रमवार मांडणी, प्रत्येक भावाखाली ऑर्डरींची रांग, आणि मधलीच एखादी ऑर्डर रद्द झाली तर ती क्षणात सापडावी म्हणून क्रमांकावरून शोधणारा तक्ता, अशा तीन रचना एकमेकींत गुंफाव्या लागतात.

इथे एक बारकावा हमखास निसटतो. पैशांचा हिशेब दशांश चिन्हाच्या आकड्यांत ठेवला तर संगणक 0.1 आणि 0.2 ची बेरीज नेमकी 0.3 देत नाही. म्हणून भाव पैशांत, पूर्णांकात ठेवतात. पण 32 बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा सुमारे 214 कोटी आहे, म्हणजे उलाढाल 2 कोटी 14 लाख रुपयांच्या पुढे गेली की आकडा उलटून थेट ऋण होऊ शकतो. कुणी न विचारता उमेदवारानं हे बोलून दाखवलं, तर समोरच्याला कळतं की हा माणूस खऱ्या कामाला बसू शकेल.

शेअर बाजाराचं ज्ञान आधीपासून असावं लागतं, हा गैरसमज आहे. जेन स्ट्रीटसारखी जागतिक कंपनीही उमेदवारांना जाहीरपणे सांगते, की वित्तक्षेत्राची पार्श्वभूमी लागत नाही आणि प्रोग्रॅमिंगची भाषा कोणतीही चालेल. याच कंपनीवर जुलै 2025 मध्ये सेबीनं 4,843 कोटी रुपये जप्त करण्याचा अंतरिम आदेश काढला. या धंद्यात पाऊल टाकणाऱ्यानं ही बाजूही डोळ्यांआड करू नये. आणि मोबाइलवर ऑप्शन खेळणं म्हणजे या नोकरीची तयारी, असं तर मुळीच समजू नये. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या 93 टक्के व्यक्तींनी पैसे गमावले, असं सेबीच्याच अभ्यासात दिसलं.

तयारी कुठे करायची? आयआयटी मुंबईचे प्रा. अभिराम रानडे यांचा सी प्लस प्लसचा अभ्यासक्रम एनपीटेलवर मोफत आहे. लीटकोडची साप्ताहिक स्पर्धा रविवारी सकाळी आठला असते, कोडशेफची बुधवारी रात्री आठला. तिथे कोड तपासणारं यंत्र कॉलेजचं नाव पाहत नाही. स्पर्धा संपल्यावर न सुटलेला प्रश्न दोन-तीन दिवस डोक्यात घोळवणं आणि मगच उत्तर वाचणं, खरी वाढ यातच आहे. उत्तरांच्या याद्या पाठ करून मुलाखतीला गेलेला मुलगा, अटीत थोडा बदल केला की अडखळतो.

दुसरी गोष्ट मोठ्यानं बोलण्याची. मुलाखत घेणारा शेवटच्या उत्तरापेक्षा तिथवरची वाट ऐकत असतो. आपल्याकडच्या मुलांना विचार येतो मराठीत आणि बोलावं लागतं इंग्रजीत. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मित्राला समोर बसवून आधी मराठीत समजावून सांगा, मग तेच इंग्रजीत सांगा. मराठीत नीट सांगता येत नसेल, तर अडचण इंग्रजीची नाही, प्रश्न अजून समजलेला नाही.

मुलाखतीचं बोलावणं येणं मात्र मुलाखतीहून अवघड आहे, हे स्पष्ट सांगायला हवं. या कंपन्यांची भरती प्रामुख्यानं आयआयटींच्या आवारात होते. धाराशिव हा केंद्राच्या 2018 च्या योजनेत निवडलेल्या महाराष्ट्रातल्या चार आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक. इथवर कुणी आपणहून येणार नाही. पण त्यांच्या नजरेत येण्याची एक वाट आहे. आयसीपीसी ही कॉलेजांची जागतिक प्रोग्रॅमिंग स्पर्धा आहे आणि तीत तिघांचा संघ पाच तास एकाच संगणकावर झुंजतो. त्याला लागतात तीन चिकाटीची मुलं आणि त्यांच्यामागे उभा राहणारा एक प्राध्यापक. गावोगावच्या एमपीएससीच्या अभ्यासिकांत रात्री उशिरापर्यंत बसणारी मुलं पाहिली की चिकाटीची वानवा नाही, हे पटतं. जिल्ह्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी यंदाच असा एकेक संघ नोंदवावा, बुधवारी रात्री प्रयोगशाळा उघडी ठेवावी. आणि पुण्यात, बंगळुरूत नोकरीला लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी महिन्यातला एक रविवार आपल्या कॉलेजातल्या मुलांच्या सराव मुलाखती घेण्यासाठी द्यावा.