दमातला शब्द

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, त्यात चेंडूला पाय क्वचितच लागतो, आणि लागला की नियमांचा गुंता सुरू होतो. खेळाच्या आरंभी मारलेला चेंडू दहा यार्ड गेला की दोन्ही पक्षांचा. जो झडप घालील त्याचा. पण चालू खेळात, पुढे सरकणे जमेना म्हणून दूर उडवलेला चेंडू मारणाऱ्यांनीच गाठला, तरी तो त्यांचा होत नाही. समोरच्या गड्याचा हात लागून तो निसटला, की मात्र पुन्हा कोणाचाही! आमच्या नात्यातल्या एका मुलाने हे मला तीनदा समजावून सांगितले, तेव्हा कुठे त्यातली मेख कळली. आरंभीची लाथ दोघांना समान संधी देते. दुसरी लाथ म्हणजे हक्कसोड. सोडलेली वस्तू परत घेता येत नाही. प्रतिपक्षाने तिला हात घातला, की ती सांभाळण्याची जोखीम त्याची.

परका खेळ म्हणून हसण्याआधी आपली कबड्डी पाहावी. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद. त्यांतल्या दोन्ही कडांच्या एकेक मीटरच्या पट्ट्यांना राखीव क्षेत्र म्हणतात. चढाई करणाऱ्याने कोणाला शिवण्याआधी तिथे पाय टाकला तर तो बाद. शिवाशिव झाली की तीच जमीन मैदानात जमा! स्पर्शाने तिकडे चेंडूचा धर्म बदलतो, इकडे भुईचा. कारण उघड आहे. पट्टी आधीपासून खुली असती, तर चढाई करणारा कडेकडेनेच पळत राहिला असता. आणि कधीच खुली नसती, तर झटापटीत एक पाऊल घसरल्याने रंगलेली पकड फुकट गेली असती.

निदान रेषेचेही तसेच. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवरची ही रेषा कोणाला न शिवता परतणाऱ्याने एकदा तरी ओलांडलीच पाहिजे, नाहीतर तो बाद. उंबरठ्यावरून घोष करून परतणे म्हणजे चढाई नव्हे. तिच्या पलीकडे एक मीटरवर बोनस रेषा. समोर सहा किंवा सात गडी असतील तरच तिचा गुण मिळतो. मोकळ्या घरात शिरण्याला शौर्य कसले?

हे नियम एका दिवसात झाले नाहीत. संजीवनी, गामिनी, अमर अशा निरनिराळ्या तऱ्हांनी हा खेळ चाले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ साली नियम छापले; १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला हा खेळ दाखवला; १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत त्याला पदकाचे स्थान मिळाले.

वांकिडीच्या आमच्या काकांना मात्र यातला एक नियम अजून पटलेला नाही. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे गाव. दोन्ही गावे निजामाच्या राज्यात होती. १९५६ साली राजुरा मुंबई राज्यात गेला आणि वांकिडी आंध्रात राहिले, ते आता तेलंगणात आहे. काका सांगतात, "आमच्या लहानपणी आम्ही हुतूतू म्हणत चढायचो, तेलुगू मुले चेडुगुडु म्हणत यायची. ज्याचा दम त्याची भाषा. आता नियमाने दोघांच्याही तोंडी कबड्डी."

काकांचे दुःख खोटे नाही. पण दम तुटला की नाही, या एका प्रश्नावर किती डाव मोडले आणि किती डोकी फुटली, हेही तेच रंगवून सांगतात! गडी निरनिराळे शब्द पुटपुटत असले, तर श्वास कुठे चोरला हे पंचाने कसे ओळखावे? सर्वांचा शब्द एक, स्पष्ट आणि ऐकू येईल असा असला, म्हणजे दोन भाषांच्या गड्यांना एकच न्याय मिळतो. सीमेवरच्या गावाला तर तो अधिकच हवा.

मी काकांना म्हटले, "पंचाची शिट्टी मैदानापुरती. अंगणात कोणता शब्द म्हणायचा, हे नियमपुस्तकात कुठेच नाही." तो शब्द नातवंडांना शिकवणे आपल्याच हाती आहे, आणि आपण तो शिकवला नाही, तर दोष नियमाला देता येणार नाही.