घरातील सर्व्हर आणि नव्या आवृत्तीची परीक्षा



‘सर्व्हर’ हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी प्रथम बँकेच्या खिडकीशी ऐकला असेल. “सर्व्हर बंद आहे, उद्या या!” पण आता सर्व्हर घरातही येऊन बसला आहे. एखादा जुना संगणक, दोन-तीन हार्ड डिस्क आणि त्यांची व्यवस्था पाहणारी एक प्रणाली, एवढे जमले की घरचा सर्व्हर तयार होतो. घरातील सर्वांच्या मोबाइलमधील छायाचित्रे, जमिनीच्या उताऱ्यांच्या प्रती, शाळेचे निकालपत्रक, आजीच्या आवाजात उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या, हे सारे त्यात एके ठिकाणी राहते. अंबरनाथ पूर्वेच्या एखाद्या इमारतीत काय किंवा मुरबाडकडच्या एखाद्या वाडीतील शाळेत काय, तो सारखाच चालतो. घरातल्या घरात वापरायचा तर त्याला इंटरनेटचीही गरज नाही. शेतकऱ्याच्या घरी जशी कणगी, तशी ही माहितीची कणगी समजा.

या कणगीची राखण करणाऱ्या प्रणाली अनेक आहेत. त्यांपैकी एक प्रसिद्ध प्रणाली म्हणजे ट्रूनॅस. तिचे पूर्वीचे नाव फ्रीनॅस. तिची सुरुवात २००५ मध्ये झाली, आणि तिची सर्वसामान्य आवृत्ती कोणालाही मोफत मिळते. तिच्या पोटात झेडएफएस नावाची साठवणपद्धती काम करते. ही मूळची अमेरिकेतील सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीत तयार झाली आणि २००५ मध्येच लोकांसाठी खुली झाली. तिची युक्ती समजायला सोपी आहे. दुकानदार वहीच्या प्रत्येक पानाखाली बेरीज मांडून ठेवतो. पुढे कोणी आकडा खोडला तर बेरीज जुळत नाही आणि चोरी उघडी पडते. झेडएफएसही माहितीच्या प्रत्येक तुकड्याबरोबर असा एक पडताळ्याचा अंक लिहून ठेवते. दोन डिस्कांवर एकच माहिती असेल आणि एकीवरील तुकडा बिघडला, तर दुसरीवरून तो दुरुस्त करून घेते. अशा एकत्र बांधलेल्या डिस्कांना ‘पूल’ म्हणतात. नदीवरचा पूल नव्हे बरे का! हा इंग्रजीतला पूल, म्हणजे एकत्र केलेला साठा.

मग एवढी चांगली व्यवस्था आहे, तर ती बदलायची कशाला? प्रश्न रास्त आहे. आमच्या अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेखावर शके ९८२ हा काळ कोरलेला आहे, म्हणजे इसवी सन १०६०. तो लेख साडेनऊशेहून अधिक वर्षे टिकला, आणि त्याला कधी नवी आवृत्ती लागली नाही. संगणकाचे तसे नाही. डिस्क काही वर्षांत झिजते, नव्या प्रकारची डिस्क जुन्या प्रणालीला ओळखू येत नाही, आणि जुन्या प्रणालीत चोराला शिरायला फटी सापडतात. म्हणून आवृत्ती बदलावीच लागते.

नवी आवृत्ती एकदम बाहेर पडत नाही. आधी ‘बीटा’ निघते, म्हणजे चाखून पाहण्यासाठी दिलेली. मग ‘रिलीज कँडिडेट’, म्हणजे जवळजवळ पक्की. शेवटी पक्की आवृत्ती. आमच्याच अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी नावाचा सरकारी कारखाना १९५० च्या दशकात उभा राहिला. ‘प्रोटोटाइप’ या शब्दाचा अर्थच असा, की आधी एक नमुना बनवा, तो ताणून पाहा, मग पुढचे. शेतकऱ्यालाही हे शिकवावे लागत नाही. नवे बियाणे आले की तो ते सगळ्या शेतात टाकत नाही. आधी एका गुंठ्यात पेरतो. बीटा आवृत्तीचा गुंठा म्हणजे वेगळा, जुना संगणक आणि त्यातील रिकाम्या डिस्का. खरी माहिती असलेल्या डिस्का त्या संगणकाला जोडायच्याच नाहीत.

आता कोणी म्हणेल, “मी बीटाच्या वाटेला जाणारच नाही, पक्की आवृत्तीच घेईन, मग मला काय भीती?” यासाठी दोन घडलेल्या गोष्टी सांगतो.

मार्च २०१७ मध्ये फ्रीनॅसची ‘कोरल’ नावाची अगदी नवी आवृत्ती पक्की म्हणून बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात निर्मात्यांनी ती मागे घेतली आणि लोकांना पूर्वीच्या शाखेकडे परतायला सांगितले. ज्यांनी परतीची तयारी ठेवली होती, त्यांना हे जड गेले नाही.

दुसरी गोष्ट ऑक्टोबर २०२३ ची. झेडएफएसची २.२.० ही पक्की आवृत्ती आली. नोव्हेंबरमध्ये एका वापरणाऱ्याच्या ध्यानात आले, की प्रत केलेल्या काही फायलींत मजकुराच्या जागी नुसती शून्ये आहेत. पहिला संशय एका नव्या सोयीवर गेला आणि २.२.१ या आवृत्तीत ती बंद करण्यात आली. पण तपासाअंती कळले, की मूळ दोष बराच जुना होता. तो क्वचितच प्रकट होई म्हणून कोणाला दिसला नव्हता. नोव्हेंबरच्या अखेरीस २.२.२ आणि २.१.१४ या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला. यातली खरी मेख अशी, की पडताळ्याच्या अंकांनी हा बिघाड पकडला नाही. प्रत करतानाच चुकीची शून्ये वाचली गेली आणि त्या शून्यांचाच पडताळा बिनचूक लिहिला गेला. पानावरचा आकडाच चुकीचा उतरला, तर खालची बेरीज बरोबर येऊन काय उपयोग? यावरून धडा असा, की प्रणाली स्वतःविषयी ‘सर्व ठीक’ म्हणते तेवढ्यावर थांबू नये. आपला पडताळा आपण वेगळा ठेवावा.

तेव्हा परीक्षा कशी घ्यायची, ते क्रमाने पाहू.

पहिली गोष्ट. चाचणीच्या संगणकावर आधी आपल्या घरी चालू असलेली जुनी आवृत्तीच बसवावी. कारण आपल्याला तपासायचा आहे तो बदल, जुन्यावरून नव्यावर जाण्याचा. त्यात खऱ्या माहितीची थोडी प्रत भरावी. देवनागरी नावांच्या फायली मुद्दाम घ्याव्यात. ‘इयत्ता सातवी प्रगतिपुस्तक’ हे नाव बदलानंतर जसेच्या तसे दिसते, की त्याची चौकोनी टिंबे होतात, हे परदेशातील परीक्षक बहुधा पाहणार नाही. ते आपणच पाहिले पाहिजे.

दुसरी गोष्ट. प्रत्येक फायलीची ‘शा-२५६’ खूण काढून यादी करावी. ही ६४ अंकाक्षरांची खूण म्हणजे फायलीचा अंगठाच. एक अक्षर बदलले तरी सारी खूण बदलते. मूळ फायलींच्या खुणा आधी, चाचणीच्या प्रतींच्या खुणा नंतर, आणि दोन्ही याद्या ताडून पाहाव्यात. ही यादी त्या संगणकाबाहेर ठेवावी. तिच्याबरोबर प्रणालीच्या मांडणीची फाइल, आणि माहिती कुलूपबंद असेल तर तिच्या किल्ल्याही बाहेर काढून ठेवाव्यात.

तिसरी गोष्ट. आवृत्ती बदलल्यावर दोन आठवडे रोजचे काम त्यावर करून पाहावे. मोबाइलवरून छायाचित्रे चढवा. मुलांच्या फोल्डरात भलत्यालाच शिरता येत नाही ना, पाहा. प्रत चालू असताना मुद्दाम बटण बंद करा, कारण आपल्याकडे पावसाळ्यात वीज विचारून जात नाही. एक डिस्क काढून दुसरी घाला. आणि प्रत्येक वेळी खुणांची यादी पुन्हा ताडा.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. परत येऊन पाहावे. ट्रूनॅस नवी आवृत्ती बसवताना जुनी शेजारीच ठेवते आणि यादीतून तिच्यावर परतता येते. पण एक दार मात्र एकदा ओलांडले की बंद होते. नवी आवृत्ती काही दिवसांनी सुचवते, की तुमच्या पूललाही नव्या सोयी चढवा. तसे केले आणि त्या सोयी वापरात आल्या, की जुनी आवृत्ती तो पूल बहुधा उघडू शकत नाही. ते बटण दाबण्याची घाई करू नका. प्रणाली बदलणे आणि पूल बदलणे ही दोन वेगळी पावले आहेत. दुसरे पाऊल काही महिन्यांनी टाकले तरी काही बिघडत नाही.

दोष सापडला तर तो निर्मात्यांना कळवावा. कोणती आवृत्ती, काय केले, काय व्हायला हवे होते, काय झाले, आणि पुन्हा केले तर पुन्हा होते का, एवढे पाच मुद्दे पुरे. विज्ञानाच्या शिक्षकांना ही रीत परिचितच आहे. प्रयोगवहीत आपण तेच लिहायला लावतो. आपण कळवलेल्या एका दोषामुळे न जाणो किती घरांतली छायाचित्रे वाचतील.

जाता जाता आणखी एक सांगतो. दोन डिस्का म्हणजे दोन प्रती नव्हेत. २६ जुलै २००५ च्या पुरात बदलापूर-कल्याण पट्ट्यात घराघरांतून पाणी शिरले. तशा पाण्यात एकाच पेटीतील दोन्ही डिस्का बरोबरच जातात. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी, नातेवाइकाच्या कपाटात असू द्या.

आणि ज्यांच्या घरी वा शाळेत असा सर्व्हर आहे, त्यांनी या आठवड्यात एवढेच करावे. त्या दुसऱ्या प्रतीतून एक फाइल परत आणून उघडून पाहावी. ती उघडली, तर नव्या आवृत्तीचा विचार करायला हरकत नाही. नाही उघडली, तर आधी ते काम!