यकृताचे दुखणे दुखत नाही

यकृताचा जुनाट आजार बहुधा वर्षानुवर्षे मुकाट वाढतो. आधी चरबी किंवा सूज, मग फायब्रोसिस म्हणजे यकृतात व्रणाचे तंतू साचणे, आणि शेवटी सिरोसिस, म्हणजे व्रणांनी यकृत कडक होणे. तोवर माणूस खातपीत, कामावर जात असतो. त्यामुळे भलभलत्या समजुतींचे फावते.

गैरसमज : दारू न पिणाऱ्याचे लिव्हर बिघडत नाही.
वस्तुस्थिती : दारू मोठे कारण आहेच, पण मधुमेह, सुटलेले पोट आणि त्यातून होणारे फॅटी लिव्हर निर्व्यसनी माणसालाही सिरोसिसपर्यंत नेऊ शकते. हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू आणि काही आनुवंशिक आजारही कारणीभूत ठरतात.

गैरसमज : रक्ततपासणीत एसजीपीटी नॉर्मल, म्हणजे काळजी नाही.
वस्तुस्थिती : एसजीपीटी यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढते. व्रण किती साचले, हे तिच्यावरून कळत नाही. सिरोसिस असतानाही ती नॉर्मल येऊ शकते. यकृताचा ताठरपणा फायब्रोस्कॅन ही तपासणी मोजते. प्लेटलेट घटत असतील तर तीही खूण असू शकते.

गैरसमज : काविळीवर माळच लागू पडते.
वस्तुस्थिती : डोक्यावर ठेवलेली काड्यांची माळ पोटापर्यंत उतरते, ते कावीळ उतरल्यामुळे नव्हे. ओल्या काड्या वाळून आकसतात, दोऱ्याचे फास सैल पडतात आणि माळ लांबते. निरोग्याच्या गळ्यातही ती लांबेल. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते. कावीळ सिरोसिसची किंवा पित्तनलिकेतल्या खड्याची असेल, तर मोलाचा वेळ हातचा जातो.

गैरसमज : झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही.
वस्तुस्थिती : करोनाकाळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती अमान्य केली. तरीही यकृताच्या रुग्णाने कोणताही काढा किंवा वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गैरसमज : लिव्हर बिघडले की डाळ, अंडी बंद, नुसती पेज द्यायची.
वस्तुस्थिती : त्याने स्नायू झडतात. सिरोसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. रात्री झोपण्यापूर्वीही थोडे खावे. जलोदर, म्हणजे पोटात पाणी, असेल तर मीठ कमी करायचे. म्हणजे लोणचे-पापडही आवरायचे.

गैरसमज : सिरोसिसवर इलाज नाही.
वस्तुस्थिती : मूळ कारण दूर केले तर आजार थोपवता येतो, कधी काही अंशी मागेही हटतो. हिपॅटायटिस सी साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा बरा होतो. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत. बी वर बहुधा दीर्घकाळ गोळ्या घ्याव्या लागतात. स्थूल व्यक्तीने वजन 7 ते 10 टक्के घटवले की यकृताची सूज आणि चरबी कमी होते. पोटात पाणी, रक्ताची उलटी किंवा भ्रम ही आजार पुढे गेल्याची लक्षणे; तेव्हा प्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो. सिरोसिस असल्यास कर्करोग वेळीच सापडावा म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवी.

मधुमेह, स्थूलपणा किंवा रोजची दारू असेल, तर डोळे पिवळे होण्याची वाट पाहू नका; तपासणी करून घ्या. आणि घरात बाळ जन्मले की 24 तासांच्या आत त्याला हिपॅटायटिस बी ची लस मिळाली ना, हे विचारून घ्या.