कीटकाचे ‘वक्ष’ : एका संज्ञेचा विचार

संस्कृत कवींनी भ्रमरास ‘षट्पद’ म्हटले, ते त्याचे पाय मोजूनच. हे सहा पाय नेमके कोठून फुटतात, हे मात्र वर्गात विचारून पाहावे. आकृतीत पोटालाच पाय चिकटविणारे विद्यार्थी आम्ही पुष्कळ पाहिले आहेत. हा दोष केवळ त्यांच्या नजरेचा नव्हे. आपण त्यांच्या हाती दिलेल्या शब्दांचाही आहे.

कीटकाचे शरीर कड्यांसारख्या खंडांचे बनलेले असून त्यांचे तीन गट पडतात : शीर्ष, वक्ष आणि उदर. शीर्षाचे खंड एकजीव झाल्याने वेगळे दिसत नाहीत. उदराचे मूळ खंड ११ मानतात. पुष्कळ कीटकांत त्यांहून कमीच दिसतात. वक्षाचे खंड तीन : अग्रवक्ष, मध्यवक्ष व पश्चवक्ष. प्रत्येकास पायांची एक जोडी असते. म्हणजे ‘षट्पद’ हा शब्द या तीन खंडांचीच ग्वाही देतो. पंख असल्यास ते मध्यवक्षावर व पश्चवक्षावर असतात. माशीच्या पश्चवक्षावर पंखांऐवजी तोल सांभाळणाऱ्या दोन चिमुकल्या दांड्या आढळतात.

आता भुंगेरा घ्या. वरून पाहता डोक्यामागे ढालीसारखा अग्रवक्ष तेवढा दिसतो. उरलेले दोन खंड कठीण पंखांखाली झाकलेले असतात. साहजिकच मागचे चार पाय पोटाचे वाटतात. भुंगेरा उलटा करून दाखवावा, की भ्रम फिटतो.

कुंभारीण माशी याहून चकविते. तिच्या बारीक कमरेपाशी वक्ष संपले, असे कोणीही म्हणेल. परंतु मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या यांच्यात उदराचा पहिला खंड पश्चवक्षास जोडला गेलेला असतो आणि कंबर त्याच्या मागे येते. म्हणूनच शास्त्रज्ञ या गटात कमरेपुढील भागास निराळे नाव देतात.

‘छाती’ म्हटले की मुलांना फुप्फुसे आठवतात; कीटकास ती नाहीत. त्याच्या वक्षाच्या व उदराच्या बाजूंवरील श्वासरंध्रांतून हवा आत जाते. पण ‘छाती’ऐवजी ‘वक्ष’ म्हटल्याने तरी काय साधले? अर्थ तोच. शब्द संस्कृत केला म्हणजे संज्ञा सिद्ध होत नाही. तिला व्याख्या लागते. ज्या तीन खंडांस सांध्यांचे पाय फुटतात, ते वक्ष, एवढे ठरवून सांगितले की सुरवंटाच्या पोटाखालचे मांसल पाय आपोआप खोटे ठरतात. शिक्षकांनी व्याख्या आधी द्यावी आणि नाव मागाहून, असे आम्हांस वाटते.